‘कुणाच्या पापाचं फळ?’: नव्या विशेष शिक्षकापुढचा पहिला प्रश्न

मराठवाड्यातल्या देगलूर तालुक्यात एखाद्या वाडीवर किंवा तांड्यावर नवा विशेष शिक्षक गृहभेटीला जातो, तेव्हा त्याच्या पिशवीत बरंच काही असतं. मूल्यांकनाचे तक्ते, चित्रकार्डं, रंगीत ठोकळे, दिव्यांग प्रमाणपत्राची माहिती. घरात शिरल्यावर चहा येतो, लेकरू कोपऱ्यातून पाहत राहतं, आणि थोड्या वेळानं त्याची माय किंवा आजी विचारते, ‘सर, मागल्या जन्मीचं काय पाप असंल हो आमचं?’

या प्रश्नाचं उत्तर पिशवीत नसतं. प्रश्न धर्माचा आहे, आणि तो विचारणारी बाई उत्तराच्या खऱ्या अपेक्षेनं विचारत असते. शिक्षक गप्प राहिला तर त्या गप्पपणाचा अर्थ ‘हो’ असा घेतला जातो. ‘असं काही नसतं हो मावशी’ म्हणून त्यानं विषय बदलला, तर शिकलेल्या माणसाला आपलं दुःख कळत नाही, एवढंच तिला कळतं. मुलाच्या शिक्षणाचा पुढचा सगळा प्रवास या पहिल्या पाच मिनिटांवर बराचसा ठरतो. कारण ज्या घरात मूल म्हणजे भोगून संपवायचं प्रारब्ध असतं, त्या घरातून ते रोज वेळेवर शाळेत येत नाही.

विशेष शिक्षक घडवण्याची चौकट आपल्याकडे चांगली बांधलेली आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा 1992 चा. परिषदेनं मान्यता दिलेला डी.एड. किंवा बी.एड. (विशेष शिक्षण) अभ्यासक्रम पूर्ण करून परिषदेच्या नोंदवहीत नाव लागल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. विद्यार्थी दृष्टिदोष, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता अशा शाखांपैकी एक निवडतो, सराव पाठ देतो, विशेष शाळेत राहून अनुभव घेतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे. कायद्यानं ठरवलेल्या प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 या वयात जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर दिव्यांग मुलांना कसं शिकवायचं याचं ज्ञान प्रत्येक शिक्षकाच्या प्रशिक्षणात असावं, असं म्हटलं आहे. या साऱ्या अभ्यासात त्या मायच्या प्रश्नाला मात्र जागा नाही. तो श्रद्धेचा भाग म्हणून शिक्षकाच्या खासगी समजुतीवर सोडून दिलेला असतो. आणि शिक्षकही याच गावांतून, याच घरांतून आलेला असतो. त्याची खासगी समजूतही बहुधा त्या मायसारखीच असते.

म्हणून हा प्रश्न प्रशिक्षणाच्या वर्गात, पूर्ण गांभीर्यानं हाती घ्यायला हवा. तो हाताळायला लागणारं साहित्य परक्या देशातून आणावं लागणार नाही.

कर्मसिद्धांतापासूनच सुरुवात करू. हा सिद्धांत माणसानं स्वतःकडे पाहण्यासाठी आहे. माझ्या आजच्या वागण्याची जबाबदारी माझी, हे तो सांगतो. दुसऱ्याचं दुःख पाहून ‘याचं कर्म’ असा निवाडा देण्याचा अधिकार त्यातून कुणाला मिळत नाही, कारण दुसऱ्याच्या मागच्या जन्माची वही कुणी वाचलेली नाही. आयुर्वेदाच्या परंपरेत हा वाद फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूंना विचारतो, की माणसाचं आयुष्य आधीच ठरलेलं असतं का? आत्रेय उत्तर देतात, की दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वीचं कर्म आणि आताचा प्रयत्न, दोन्ही मिळून ते ठरतं. सगळंच ठरलेलं असतं तर औषधोपचाराला काही अर्थच उरला नसता. औषधाच्या जागी शिक्षण ठेवलं की हेच उत्तर विशेष शिक्षकाचं होतं. पूर्वजन्म मानणाऱ्या आजीशीही तो या पायावर बोलू शकतो: मागचं काय होतं ते तुम्हाला-मला ठाऊक नाही, पुढचं कर्म मात्र तुमच्या-माझ्या हातात आहे.

मराठवाड्यात बौद्ध समाज मोठा आहे. पाली ग्रंथांत शिवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही लोक म्हणतात, ते खरं का? बुद्ध ते नाकारतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, हयगय, बाहेरून झालेला आघात अशी कारणं ते मोजून दाखवतात. कर्म हे त्या यादीतलं केवळ एक. सगळ्याचा भार कर्मावर टाकणारे लोक प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टीच्या पलीकडे जातात, असा त्यांचा आक्षेप आहे.

देगलूरच्या मुस्लिम वस्तीत जाणाऱ्या शिक्षकाला कुराणातला 80 वा सूरा, ‘अबस’, माहीत असावा. मक्केतल्या प्रतिष्ठितांशी बोलत असताना अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम हा अंध माणूस शिकायला म्हणून प्रेषितांकडे आला, आणि बोलण्यात खंड पडल्यामुळे प्रेषितांच्या कपाळावर आठी उमटली. त्या आठीबद्दल त्यांना समज देणारं वचन अवतरलं, असं परंपरा मानते. शिकण्याची आस घेऊन आलेल्या अंधाला थांबवून बड्या लोकांकडे लक्ष देऊ नये, हा त्याचा आशय. हेच इब्न उम्म मक्तूम पुढे अजान देणाऱ्यांपैकी एक झाले, आणि प्रेषित बाहेरगावी असताना मदिनेची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपवली गेली. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य येशूला जन्मांध माणसाबद्दल विचारतात, की पाप कुणाचं, याचं की याच्या आईवडिलांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. गॅलिलीतल्या शिष्यांचा हा प्रश्न आणि देगलूरच्या मायचा प्रश्न जवळजवळ शब्दाला शब्द सारखा आहे.

एवढी उदाहरणं जमवायची ती वादात जिंकण्यासाठी नव्हे. विशेष शिक्षकानं पालकांच्या श्रद्धेशी भांडू नये. त्या श्रद्धेच्या आतच मुलाच्या बाजूनं उभं राहणारा आवाज आहे, तो त्याला दाखवता यावा.

त्याबरोबर खरी कारणंही सांगता यायला हवीत. जन्मताना बाळ उशिरा रडलं, मेंदूला प्राणवायू कमी पडला. नवजात बाळाची कावीळ वाढू दिली. गरोदरपणात आईला रुबेला झाला. मेंदूज्वरानंतर ऐकू येणं गेलं. थायरॉईडची कमतरता वेळेत ओळखली गेली नाही. मामाच्या किंवा आत्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झाली. हे सांगतानाही शिक्षकाला जपावं लागतं. पापाच्या जागी ‘तुमच्या नात्यातल्या लग्नामुळे’ किंवा ‘तुम्ही दवाखान्यात उशिरा गेलात म्हणून’ असा नवा ठपका ठेवला, की आईची अवस्था होती तिथंच राहते. फक्त न्यायाधीश बदलतो. कारण सांगायचं ते पुढच्या बाळंतपणासाठी आणि पुढच्या उपचारासाठी.

देगलूर हे नाव महाराष्ट्रभरच्या वारकऱ्यांना ठाऊक आहे ते गुंडा महाराज आणि धुंडा महाराज देगलूरकर यांच्यामुळे. ज्ञानेश्वरीच्या निरूपणाची मोठी परंपरा या गावाच्या नावानं चालत आली आहे. त्यामुळे या भागात काम करणाऱ्या शिक्षकानं वारकरी परंपरेकडे वळणं स्वाभाविक आहे, आणि तिथं त्याला कूर्मदास भेटतात.

कथा सगळ्यांना माहीत आहे. पैठणचे कूर्मदास, हातपाय नसलेले. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि कार्तिकीला विठ्ठलाच्या भेटीला जायचं ठरवलं. लोटांगण घेत, गडगडत निघाले. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत पोचले आणि लक्षात आलं, की एकादशीला पंढरपूर गाठणं आता शक्य नाही. यात्रेकरूंच्या हाती त्यांनी निरोप धाडला. मग विठ्ठलच ज्ञानदेव आणि नामदेवांसह लऊळला आला. लऊळला कूर्मदासांचं मंदिर आजही आहे.

कीर्तनात ही कथा भक्तीच्या थोरवीसाठी सांगितली जाते. विशेष शिक्षकानं तिच्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या काढून पाहाव्यात. पहिली ही, की कूर्मदास निघाले. कुणी त्यांच्या वतीनं ठरवलं नाही, कुणी गाडीत घालून नेलं नाही. इच्छा त्यांची, कष्ट त्यांचे. दुसरी ही, की जिथं त्यांचं बळ संपलं तिथून पुढचं अंतर देवानं कापलं. ‘माझं स्थान पंढरपूर, यायचं तर इथवर या’ असं तो म्हणाला नाही. आणि कथेचा भर हातपाय परत मिळण्यावर नाही, भेटीवर आहे. समावेशित शिक्षणाचा सगळा विचार या दोन गोष्टींत मावतो. शाळेच्या दाराशी केलेला उतार (रॅम्प), ब्रेलमधलं पुस्तक, परीक्षेतला जादा वेळ, अतितीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी घरी जाऊन दिलेलं शिक्षण, हे सारं लऊळपासून पुढचं अंतर आहे. ते कापणं ही मेहरबानी नव्हे, शिकवणाऱ्याचं कर्तव्यच आहे.

इथं भारतीय तत्त्वज्ञानातल्या एका जुन्या कल्पनेशी गाठ पडते: अधिकार. ज्ञान कुणाला द्यावं? जो त्याला पात्र आहे त्याला, असं शास्त्र म्हणतं. शतकानुशतकं या विचाराच्या आडून स्त्रियांना, शूद्रांना आणि शरीरानं अधू असलेल्यांना दाराबाहेर ठेवलं गेलं. मराठी संतपरंपरेनं त्याला जे उत्तर दिलं ते फार मोलाचं आहे. तिनं पात्रतेचा भार शिकणाऱ्याच्या डोक्यावरून उतरवला आणि शिकवणाऱ्याच्या डोक्यावर ठेवला. महानुभाव पंथात ग्रंथ संस्कृतात करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा नागदेवाचार्यांनी तो थांबवला. आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या बाया त्यामुळे ज्ञानाला मुकतील, हे त्यांचं कारण होतं. म्हाताऱ्यांनी संस्कृत शिकावं असं त्यांना वाटलं नाही. ग्रंथकारांनी मराठीत लिहावं असं वाटलं. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली तीही याच भूमिकेतून. सातशे वर्षांपूर्वी या मातीत घेतलेला तो निर्णय आणि आजच्या विशेष शिक्षकाचा रोजचा निर्णय, दोन्ही एकाच जातीचे आहेत. मुलाला कळत नसेल तर बदलायची आहे ती सांगण्याची रीत.

विदर्भातले गुलाबराव महाराज (1881–1915) याचा जिताजागता दाखला आहेत. तान्हेपणीच दृष्टी गेली. सभोवतालच्या माणसांनी ग्रंथ वाचून दाखवले, त्यांनी ऐकून मनात साठवले आणि तोंडी सांगून शंभराहून अधिक ग्रंथ लिहवून घेतले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणून वंदन करतात ते योग्यच. पण त्यांना वाचून दाखवणारे ते आवाज कुणी मोजत नाही. त्या वाचकांशिवाय ती प्रज्ञा त्यांच्या गावातच विरून गेली असती. विशेष शिक्षकाचं काम त्या आवाजांचं काम आहे.

हे वरवर उदात्त वाटणारं तत्त्व वर्गात फार लहान गोष्टींत उतरतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला शर्टाचं बटण लावायला शिकवायचं आहे, असं धरू. नवा प्रशिक्षणार्थी बहुधा म्हणतो, ‘हे बघ, असं लाव,’ आणि मूल जमलं नाही म्हणून हात झटकतं. अनुभवी शिक्षक आधी ती कृती तोडून मांडतो: काजाची बाजू एका हातात धरणं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं बटण पकडणं, बटणाची कड काजाला भिडवणं, अर्धं आत सरकवणं, पलीकडून दुसऱ्या हातानं ते पकडणं, बाहेर ओढणं. मग तो शेवटापासून सुरुवात करतो. पहिल्या पाच पायऱ्या स्वतः करतो, आणि अर्धं बाहेर आलेलं बटण ओढण्याची सहावी पायरी तेवढी मुलावर सोडतो. मूल ओढतं, बटण लागतं. ‘झालं!’ हा आनंद त्याच्या वाट्याला पहिल्याच दिवशी येतो. ते पक्कं झालं की पाचवी पायरीही त्याची, मग चौथी. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, शिक्षकाचा हात त्या शर्टावरून पूर्ण निघतो. सुरुवातीला मोठं, जाड बटण आणि ढिला काज घ्यायचा. टेबलावर पसरलेल्या शर्टावर सराव द्यायचा की अंगातल्या, हे मुलाच्या बोटांकडे पाहून ठरवायचं.

यात अध्यापनाचं तंत्र आहे, आणि मुलाविषयीची एक ठाम धारणाही आहे. काम पुरं केल्याचा मान मुलाचा. दया या ठिकाणी अपुरी पडते, कधी आडही येते. दया आलेला माणूस पटकन बटण लावून देतो. मुलावर विश्वास असलेला माणूस थांबतो.

तत्त्वज्ञान चुकलं की तंत्र किती घात करतं, याचं उदाहरण युरोपात आहे. 1880 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि शाळांमधून खुणांची भाषा काढून केवळ बोलायला शिकवण्याचा ठराव तिनं केला. मुखानं बोलणं म्हणजेच माणूसपण, ही त्यामागची समजूत. बऱ्याच देशांत मुलांना हातांनी बोलायला बंदी झाली, कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं भाषेविना वाढली. त्याच परंपरेतल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं 2010 मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर इथं तो ठराव फेटाळून खेद व्यक्त केला. मधे 130 वर्षं गेली होती. मिलानला जमलेले शिक्षक दुष्ट नव्हते. आपापल्या कामात निष्णात होते. माणूस कशानं माणूस होतो, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर चुकीचं होतं.

देगलूरला हा भाषेचा मुद्दा आणखी टोकदार आहे. तालुक्याच्या एका बाजूला तेलंगण, दुसऱ्या बाजूला कर्नाटक. घरात तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा बंजारा बोली, शाळेत मराठी, अशी स्थिती इथल्या कितीतरी मुलांची आहे. ऐकू येणारं मूल दोन-तीन भाषा खेळता खेळता उचलतं. ज्याला ऐकू येत नाही, किंवा ज्याची शिकण्याची गती धीमी आहे, त्याला शाळेची भाषा आणि घराची भाषा वेगवेगळी असणं फार जड जातं. पुण्या-मुंबईत तयार झालेली चित्रकार्डं इथं पुरत नाहीत. ज्या मुलाची आई तेलुगूत बोलते, त्याच्या गरजेचे पहिले पन्नास शब्द कोणते, हे त्या आईबरोबर बसून ठरवावं लागतं, आणि त्या शब्दांसाठी खुणाही तिला शिकवाव्या लागतात. घरात कुणालाच खुणा येत नसतील तर मूल शाळा सुटल्यावर पुन्हा मुकं होतं. नागदेवाचार्यांचा निर्णय इथं दर दिवशी नव्यानं घ्यावा लागतो.

तर मग प्रशिक्षणात काय बदलावं? पहिलं म्हणजे, गृहभेट हा सराव पाठाइतकाच महत्त्वाचा विषय मानावा. पालकांच्या श्रद्धेविषयीचं बोलणं कसं ऐकावं, पाप-पुण्याच्या प्रश्नाला काय म्हणावं, नवस आणि बुवाबाजीत खर्च होणारा पैसा कानयंत्राकडे वा फिजिओथेरपीकडे अपमान न करता कसा वळवावा, याची तालीम वर्गातच व्हावी. दुसरं, प्रशिक्षणार्थीला शिकवायला दिव्यांग शिक्षक असावेत. 2016 च्या कायद्यातच दिव्यांग शिक्षकांची नेमणूक करण्याचं सांगितलं आहे. पाटी आणि टोच्यानं कागदावर उजवीकडून डावीकडे उलटे ठिपके टोचायचे आणि कागद उलटून डावीकडून वाचायचे, हे सहा ठिपक्यांचं लेखन आयुष्यभर त्यातच लिहिणाऱ्या माणसाकडून शिकणं आणि पुस्तकातल्या तक्त्यावरून शिकणं, यात फरक आहे. अंध गुरूच्या हाताखाली शिकलेल्या तरुणाला ‘बिचारा’ हा शब्द पुन्हा सुचत नाही. तिसरं, सर्वसाधारण डी.एड., बी.एड. करणाऱ्यांनाही विशेष शाळेत काही आठवडे काढायला लावावं. मारिया माँटेसोरींची पद्धत रोममध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबरच्या कामातून उभी राहिली, आणि मग सगळ्या मुलांची झाली. ताराबाई मोडकांनी ती आपल्या मुलांसाठी रुजवली. आज महाराष्ट्रातल्या बालवाड्यांमध्ये दिसणाऱ्या कितीतरी वस्तूंचं मूळ तिथं आहे.

आणि शिकून तयार झालेल्या शिक्षकाला जागा हवी. रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये विशेष शिक्षकांच्या प्रमाणाबाबत निर्देश दिले, आणि मार्च 2025 मध्ये पदं अधिसूचित करून भरण्याचा आदेश राज्यांना दिला. केंद्र सरकारच्या निकषानुसार प्राथमिक स्तरावर दर 10 आणि उच्च प्राथमिक स्तरावर दर 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हवा. वर्षानुवर्षं कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर गावोगाव फिरणाऱ्या माणसाकडून धीराची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. बटणाच्या सहा पायऱ्यांना महिने लागतात, आणि तेवढे महिने त्याच शिक्षकानं त्याच मुलाजवळ असावं लागतं.

एक मागणं कीर्तनकारांकडेही आहे. मराठवाड्यात कीर्तनाला जमणारी गर्दी कुठल्याही शासकीय जनजागृती मोहिमेला जमत नाही. सप्ताहात कूर्मदासांची कथा सांगताना महाराजांनी दोन वाक्यं वाढवावीत: तुमच्या गावात असं लेकरू असेल तर ते कुणाच्या पापाचं फळ नाही, आणि त्याचं नाव अजून शाळेत नसेल तर उद्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जाऊन घाला. व्यासपीठावरून आलेलं हे वाक्य विशेष शिक्षकाचं निम्मं काम हलकं करील. उरलेलं निम्मं करण्यासाठी नांदेड-लातूरच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी त्याला तयार करून पाठवावं.